पांढऱ्या दोऱ्याची बाटली

"या खेपेला मनुका मी उकळते," द्वारकामावशी फाटकातूनच म्हणाल्या. "तू जरा आडवी हो. आरशात तोंड बघ एकदा. शिळ्या भाकरीवानी झालंय."

शनिवारची दुपार होती. सकाळची शाळा करून मी नुकतीच घरी आले होते आणि अंगणात सासूबाईंच्या चादरी पिळत होते. द्वारकामावशी लोंढे आमच्या चर्चच्या मंडळीतल्या, महिला समाजातल्या सगळ्यांत जुन्या बाई. तीन घरं पलीकडे एकट्याच राहायच्या. कुणाच्या घरी काय शिजतंय आणि कोण किती झोपलंय, हे त्यांना न सांगता कळायचं.

"नको हो मावशी," मी म्हटलं. "होतंय की. प्रभू शक्ती देतोच."

"देतो ना. पण तू घ्यायला थांबतीस कुठं?"

मी हसले आणि पुढची चादर उचलली. त्यांना चहा विचारायचंही मला त्या दिवशी सुचलं नाही, यावरून माझी काय अवस्था होती ते समजावं.

ही गोष्ट तेवीस वर्षांपूर्वीची. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. मंडळी लहान, म्हणजे रविवारी उपासनेला फार तर सत्तर माणसं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. त्यासाठी लागणारा द्राक्षरस एकतीस वर्षं आमच्याच घरातून जात होता. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, दुसऱ्या दिवशी मंद आचेवर उकळायच्या, कुस्करायच्या, मलमलच्या फडक्यातून गाळायच्या आणि बाटलीत भरायच्या. हे काम माझ्या सासूबाईंचं. सगुणाबाई मकासरे म्हटलं की लोकांना आधी तो रसच आठवायचा. घरात कुणी चुकून सरबत समजून पिऊ नये म्हणून त्या बाटलीच्या गळ्याला पांढरा दोरा बांधायच्या. त्या दोऱ्याच्या बाटलीला हात लावायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती.

त्या शनिवारच्या आठ महिने आधी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. राहिले ते दोनच शब्द, 'बरं' आणि 'नको'. त्या दोन शब्दांवर त्या घर चालवत होत्या. खरं सांगायचं तर पूर्वी हजार शब्दांत जेवढा दरारा होता, त्यात फारशी घट झाली नव्हती.

रसाचं काम माझ्याकडे आलं. माझ्याकडे काय नव्हतं आलं तेव्हा? प्राथमिक शाळेतला तिसरीचा वर्ग होता, मतदारयाद्यांसाठी दारोदार फिरणं होतं, चर्चमधल्या मुलांची शब्बाथ शाळा होती, गायकवृंद होता. सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं होतं. माझे मिस्टर एस.टी.त चालक, मुक्कामी गाडीवर. आठवड्यातले चार दिवस ते सोलापूरला झोपत आणि उरलेले तीन दिवस घरी, पण झोपतच.

त्याच आठवड्यात डॉक्टर मुथांनी माझं ब्लडप्रेशर तपासलं आणि दुसऱ्यांदा तपासलं. मग म्हणाले, "बाई, वेळेवर जेवा. रोज अर्धा तास मोकळं चाला. आणि झोपा."

"प्रभू आहे ना, डॉक्टरसाहेब."

"आहे की. पण तुमच्या वाट्याची झोप तो घेणार नाही. ती तुम्हालाच घ्यावी लागेल."

मला त्यांचा राग आला. माझी श्रद्धा कमी पडतेय असंच ते सुचवताहेत, असं मला वाटलं. मदत मागणं म्हणजे विश्वासात कच्चं असणं, अशी माझी पक्की समजूत होती. ती कुणी शिकवली, आठवत नाही. मीच शिकले असेन, कारण त्यात मिरवायला बरं वाटतं.

आणि उद्याचा रविवार तर साधा नव्हता. माझ्या लेकीचं, ज्योत्स्नाचं, दृढीकरण होतं. म्हणजे उद्या ती मंडळीची सभासद होऊन पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार होती. आजीच्या पाककृतीचा, आईच्या हातचा रस नातीच्या ओठांना लागणार होता. तो मी दुसऱ्या कुणाला उकळू देणार? एवढा एक रविवार नीट पार पडला की मग बघू, असं मी स्वतःला सांगत होते. गेले आठ महिने मी हेच सांगत होते, फक्त रविवार बदलत होता.

संध्याकाळी शेगडीवर दोन पातेली शेजारी शेजारी होती. एकात मनुका. दुसऱ्यात सासूबाईंच्या खोकल्याचा काढा: गुळवेल, अडुळसा, सुंठ आणि काडेचिराईत. काडेचिराईत ज्याने चाखलंय त्याला त्याचा कडूपणा सांगायला नको, आणि ज्याने चाखलं नाही त्याने चाखू नये. दोन्ही उकळून काळसर तांबडं झालं. दोन्ही मी गाळलं आणि कोकम सरबताच्या दोन रिकाम्या बाटल्यांत भरलं. सर्दीने माझं नाक आठवडाभर बंद होतं. पांढरा दोरा बोटाला गुंडाळून मी भिंतीला टेकून पाटावर बसले. डोळा लागला. कुकरची शिट्टी झाली तशी दचकून उठले, दोरा बांधला, बूच लावलं आणि वरणाला फोडणी द्यायला गेले.

रविवारी सकाळी साडेसातला मी गायकवृंदाची पांढरी साडी नेसून सासूबाईंच्या उशाशी बसले. ज्योत्स्नाची वेणी घालायची राहिली होती. वाटीत काढा ओतला आणि चमच्याने त्यांच्या तोंडाशी नेला. पहिला चमचा त्यांनी घेतला. मग त्यांचे डोळे मोठे झाले आणि ओठ घट्ट मिटले.

"आई, उघडा तोंड. मला उशीर होतोय."

"नको."

"दोन चमचे फक्त."

"नको. नको!" त्यांनी चांगल्या, डाव्या हाताने वाटी धरली आणि माझ्याकडे ढकलली. मी परत पुढे केली. त्यांनी परत ढकलली, या वेळी जोराने. वाटीतलं अर्धं माझ्या साडीवर सांडलं.

माझ्या आत काहीतरी तुटलं.

"मुद्दाम करता ना?" मी ओरडले. "आजच्या दिवशीसुद्धा! आठ महिने झाले, धड झोपले नाही मी. सगळ्यांचं करायचं आणि वर हे नखरे झेलायचे! त्यापेक्षा एकदाच्या सुटत का नाही तुम्ही? तुम्हीही सुटाल आणि मीही सुटेन!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. डोळ्यांत राग नव्हता. घाई होती. पण तेव्हा मला ते कुठलं कळायला! त्यांनी बोट आधी बाटलीकडे केलं, मग दाराकडे. मी वाटी स्टुलावर आपटली, बाटली तिथेच ठेवली आणि वळले. दारात ज्योत्स्ना उभी होती, एका हातात कंगवा आणि दुसऱ्या हातात रिबीन. तिने सगळं ऐकलं होतं.

वेणी तिने स्वतःच घातली.

साडीवरचा डाग मी पाण्याने धुतला. धुतला तरी चिकट चिकटच राहिला. वर पदर ओढून घेतला, शेजारच्या वहिनींना सासूबाईंकडे लक्ष ठेवायला सांगितलं, दोऱ्याची बाटली पिशवीत घातली आणि आम्ही दोघी मायलेकी निघालो. चर्चच्या मागच्या दारी याकोबमामांच्या हातात बाटली दिली. मामा आमच्या चर्चची झाडलोट करत, घंटा वाजवत आणि प्रभुभोजनाचे छोटे छोटे पेले भरून तबकात मांडत. आजवर त्यांच्या हातून एक थेंब सांडला नव्हता.

दृढीकरण झालं. ज्योत्स्नाबरोबर आणखी तीन मुलं होती. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमचे धर्मगुरू आढावसाहेबांनी, तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी उभ्या उभ्या हिशेब करत होते की घरी गेल्यावर आधी भात लावायचा की आधी आईंना पुसून घ्यायचं.

प्रभुभोजनाआधी प्रत्येकाने गुडघे टेकून स्वतःचं मन तपासायचं असतं. मीही टेकले. म्हटलं, प्रभू, सकाळी बोलले त्याची क्षमा कर. आणि लगेच पुढे म्हटलं, पण म्हातारीही काही कमी नाही. ही माझी पश्चात्तापाची प्रार्थना!

आधी भाकर वाटली गेली. मग तबकं फिरली. आमच्याकडे पेला हातात घेऊन थांबायचं असतं. सगळ्यांना मिळाला की पाळकसाहेब सांगतात आणि सगळे एकदमच पितात. त्यांनी सांगितलं. सत्तर पेले एकदम ओठांना लागले.

नाक बंद असलं तरी जीभ बंद नव्हती. काडेचिराईत!

मी पुढे गायकवृंदात होते, त्यामुळे अख्खी मंडळी माझ्यासमोर होती. सगळ्यांचे गळे एकदम थांबले. द्वारकामावशींनी डोळे मिटले. पोलीसपाटील राहिलेले उंचेपुरे कांबळेआजोबा बाकाची कड धरून उभे होते. मागे कुणीतरी खोकलं आणि खोकला गिळला. पण थुंकलं कुणी नाही. तोंडही वेडंवाकडं केलं नाही. प्रभूच्या मेजावरचा प्याला, तो कसा थुंकणार? सत्तर माणसांनी माझ्या सासूबाईंचा काढा गपगुमान गिळला. पाळकसाहेबांनी पेला खाली ठेवला, क्षणभर वर बघितलं, आणि जरा घोगऱ्या आवाजात उपकारस्तुतीची प्रार्थना सुरू केली.

पुढचं गीत मी गायलेच नाही.

आशीर्वाद झाल्यावर मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि पायरीवर बसले. लोक येतील, बोलतील, बोलायलाच हवं, असं वाटत होतं. खरं तर कुणीतरी मला खूप बोलावं अशी माझी इच्छाच होती.

आधी ज्योत्स्ना आली. शेजारी बसली. सकाळपासून पहिल्यांदाच बोलली. "आई, ते असंच लागतं का गं? इतकं कडू?"

तिला माहीतच नव्हतं! पहिलीच वेळ तिची. मी तिला कुशीत ओढलं आणि सगळ्यांच्या देखत मोठमोठ्याने रडायला लागले. माणसं भोवती जमली. "माझी चूक झाली," मी म्हणत होते. "बाटल्या बदलल्या. तो आईंचा काढा होता. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. माझ्या हातून झालं."

"मला वास आला व्हता," याकोबमामा टोपी हातात घेऊन म्हणाले. "पर म्हटलं, बाईंचं काम. आपण कशाला नाक खुपसायचं?"

"व्हय ना," द्वारकामावशी म्हणाल्या. "हिला इचारायची सोयच नाही. इचारलं की प्रभू देतो शक्ती!" मग त्या वाकून माझ्यासमोर बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी बसल्या. "ऐक पोरी. तुह्या घरात रोज काय शिजतंय ते आज समद्या मंडळीनं चाखलं. बरं झालं. तू सांगून आम्हाला कळलं नसतं."

कांबळेआजोबा म्हणाले, "माझा खोकला मात्र थांबला." आणि लोक हसले. मीही हसले, रडता रडताच.

पाळकसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "बाई, सगुणाआजींना प्रभुभोजन द्यायला मी आता तुमच्याबरोबरच येणार होतो. पण रस संपला. संध्याकाळी येतो, दुसरी काहीतरी व्यवस्था करून."

रस. तेव्हा माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. काढा जर इथे आला, तर सकाळी मी आईंना चमच्याने काय पाजत होते?

'नको.' आणि ढकललेली वाटी. आणि बाटलीकडे, मग दाराकडे केलेलं बोट.

मी पळत सुटले. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, साडी सावरत, तालुक्याच्या गावात, बाजारपेठेतून. लोक बघत होते. बघू देत.

सासूबाई जाग्या होत्या. वाटी स्टुलावर होती, तिच्यावर त्यांनी आपला रुमाल झाकला होता. बाटली मात्र स्टुलावर नव्हती. ती त्यांनी डाव्या हाताने ओढून छातीशी धरली होती, चार तास, कुणाचा धक्का लागून सांडू नये म्हणून. मला बघितल्यावर त्यांनी ती पुढे केली. बाटलीच्या गळ्याला पांढरा दोरा होता.

मला कळेना. दोरा तर चर्चमध्ये गेला होता. मग मी त्यांचा पदर पाहिला. काठाजवळ उसवलेला. त्यांनी आपल्या पांढऱ्या लुगड्याचा धागा दातांनी ओढून काढला होता आणि एका हाताने बाटलीला गुंडाळला होता. गाठ बसली नव्हती, एका हाताने गाठ कुठली बसायला? नुसतेच वेढे होते. सात-आठ वेढे.

ज्या बाईला मी सकाळी 'सुटत का नाही' म्हटलं, ती त्यानंतर चार तास हे करत होती. माझी लाज राखायला बघत होती.

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "आई, मी काय बोलले ते तुम्ही ऐकलंत. मला क्षमा करा. मी थकलेय हो. मी खूप थकलेय." आठ महिन्यांत हे वाक्य मी कुणापुढेही बोलले नव्हते, प्रभूपुढेसुद्धा. त्याच्यापुढे मी फक्त शक्ती मागत होते.

"बरं," त्या म्हणाल्या. डाव्या हाताने त्यांनी पलंगाची मोकळी कड थोपटली. जरा वेळाने पुन्हा थोपटली.

"पाच मिनिटं पडते," मी म्हटलं. "भात लावायचाय." आणि त्या अरुंद पलंगावर, त्यांच्या चांगल्या हाताच्या बाजूने, साडीसकट आडवी झाले.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन पिवळं होऊन भिंतीवर चढलं होतं. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. द्वारकामावशी कुणालातरी दटावत होत्या, "हळू रे, ती झोपलीय." अंगणात दोरीवर चादरी वाळत होत्या, मी न धुतलेल्या. माझ्या अंगावर कुणीतरी पांघरूण घातलं होतं. मिस्टर ड्यूटीवरून आले होते आणि चक्क भाजी निवडत होते. पलंगाशी खुर्ची टाकून पाळकसाहेब बसले होते, मांडीवर भाकरीची छोटी ताटली घेऊन. ज्योत्स्ना त्यांच्या मागे उभी होती. स्टुलावर आमचे घरातले चार पेले मांडलेले होते आणि त्यांत वेढे घातलेल्या बाटलीतला रस होता. किती वेळ थांबले होते सगळे, देव जाणे.

मी धडपडत उठायला गेले. डोक्यात एकच: पाळकसाहेब आलेत, चहा नाही, पाणी नाही, आणि मी लोळतेय.

छातीवर एक हात पडला. हलका होता, पण मला हलू देईना.

"नको," सासूबाई म्हणाल्या.

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. "त्यांचं ऐका," ते म्हणाले, आणि त्यांनी ताटली आधी आमच्या दोघींपुढे धरली. मग पेले दिले. पडल्या पडल्या मला पेला धरता येईना, म्हणून ज्योत्स्नाने माझा पेला माझ्या ओठांना लावला आणि मग स्वतःचा प्यायली. तिने जीभ ओठांवरून फिरवली आणि माझ्याकडे बघून हसली.

चहा द्वारकामावशींनी केला. पाहुणे घरात असताना मी आयुष्यात पहिल्यांदा पडून राहिले.